मराठवाड्यातील छावण्या आणि खिशातले रिव्हॉल्व्हर

रिव्हॉल्व्हर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना चित्रपट आठवतो. नायक धावत्या घोड्यावरून बारावर बार काढीत असतो आणि त्याच्या गोळ्या काही केल्या संपत नाहीत. इतिहासातील रिव्हॉल्व्हर मात्र पाच-सहा बारांनंतर रिकामे होत असे, ते पुन्हा भरावयास कित्येक मिनिटे लागत, आणि पावसाळी हवेत ते ऐन वेळी दगाही देत असे. असे असूनही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना ते अंगावर असल्याशिवाय चैन पडत नसे. याचे कारण काय असावे?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. नांदेडहून दीड-दोन तासांच्या वाटेवर हिंगोली आहे, आणि लातूरजवळच अंबाजोगाई, म्हणजे निजामी काळातील मोमिनाबाद. या दोन्ही गावी हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेची छावणी होती. रिव्हॉल्व्हर हे नवे शस्त्र आपल्या भागात आणले ते अशा छावण्यांतील अधिकाऱ्यांनी. या शस्त्राची रचना, त्याचा प्रसार आणि ते कोणाच्या हाती होते व कोणाच्या हाती नव्हते, यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शब्द आणि वस्तू

आपल्या वर्तमानपत्रांत पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. पिस्तूल म्हणजे एका हाताने झाडता येणारी आखूड बंदूक. रिव्हॉल्व्हर हा तिचाच एक प्रकार. त्यात नळी एकच असते. परंतु नळीच्या मागे पाच किंवा सहा कोठ्यांचे एक चक्र असते. प्रत्येक कोठ्यात एकेक बार भरलेला असतो. चक्र फिरले की नवा कोठा नळीसमोर येतो.

त्यापूर्वीच्या बंदुका एकबारी होत्या. तोड्याच्या बंदुकीत पेटती वात दारूला लावावी लागे. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे. रसेल ब्रिगेडने जानेवारी १८१९ मध्ये नांदेड परिसरातील नोव्हा येथील गढीला वेढा घातला, तेव्हा नवसाजी नाईकांच्या हटकरांपाशी काय आणि वेढा घालणाऱ्यांपाशी काय, हातातील बंदुका अशाच एकबारी होत्या. एकदा बार उडाला की पुढचे काम तलवारीचे, भाल्याचे किंवा संगिनीचे.

पुढे टोपीची बंदूक आली. दिवाळीत लहान मुले टिकल्या फोडतात, ते तत्त्व येथे होते. तांब्याच्या इवल्याशा टोपीत पाऱ्यापासून केलेले स्फोटक भरलेले असे. टोपीवर घोडा आपटला की ठिणगी आतल्या दारूपर्यंत जाई. उघड्या वातीची आणि गारगोटीची कटकट संपली. हाती धरून खुशाल वापरता येईल असे फिरत्या चक्राचे पिस्तूल या टोपीमुळे शक्य झाले.

कोल्ट आणि अ‍ॅडम्स

रिव्हॉल्व्हरचा जनक म्हणून अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टचे नाव घेतले जाते. फिरत्या चक्राची कल्पना मात्र त्याच्या आधीची होती. तोड्याच्या बंदुकीला फिरते कोठे बसविण्याचे प्रयोग हिंदुस्थानातील कारागिरांनीही केलेले होते. एलिशा कोलियर याने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये चकमकीच्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. कोल्ट सोळा वर्षांचा असताना, १८३० मध्ये, ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावरून कलकत्त्याच्या सफरीस निघाला होता. जहाजावरील चक्राची ठराविक जागी अडणारी फिरकी पाहून त्याला कल्पना सुचली व त्याने लाकडाचा नमुना कोरला, असे तो पुढे सांगत असे. काही अभ्यासकांच्या मते कोलियरची शस्त्रे त्याच्या पाहण्यात आली असावीत. काहीही असो, ज्या शस्त्राचा पुढे हिंदुस्थानात एवढा वापर झाला, त्याची जन्मकथा हिंदुस्थानकडे येणाऱ्या जहाजाशी जोडलेली आहे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

कोल्टला अमेरिकेत १८३६ मध्ये पेटंट मिळाले. परंतु इंग्लंडमध्ये त्याच्या मालाचा बोलबाला झाला तो १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात. त्याच प्रदर्शनात रॉबर्ट अ‍ॅडम्स या इंग्रज कारागिराचे रिव्हॉल्व्हरही मांडलेले होते. येथून या दोघांची स्पर्धा सुरू झाली. कोल्टने लंडनमध्ये कारखानाही काढला, पण तो काही वर्षांतच बंद पडला.

कोल्टच्या शस्त्रांपैकी १८४९ चा ‘पॉकेट’ नमुना आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याच्या नळीचे तोंड ०.३१ इंचाचे आणि वजन सुमारे पाऊण किलो. बहुतेक पाच बारी. कोटाच्या खिशात मावणारे हे शस्त्र १८७३ पर्यंत तयार होत होते व त्याचे तीन लाखांहून अधिक नग निघाले. कमरेच्या पट्ट्याला लावावयाचा १८५१ चा ‘नेव्ही’ नमुना त्याहून मोठा, सहा बारी, ०.३६ इंचाचा आणि वजनाला सव्वा किलोच्या आसपास. अ‍ॅडम्सचे लष्करी रिव्हॉल्व्हर पाच बारी. परंतु त्याची गोळी जाड, म्हणजे ०.४४२ इंचाची होती.

या दोहोंत आणखी एक महत्त्वाचा फरक होता. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक बारापूर्वी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागे. त्यामुळे नेम चांगला लागे, पण वेळ जाई. अ‍ॅडम्सच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नुसता चाप ओढला की चक्र फिरे, घोडा उठे आणि बारही उडे. गर्दीच्या झटापटीत हे सोयीचे. मात्र चाप जड असल्याने नेम हले. इंग्रजी सैन्यातील फ्रेडरिक ब्यूमाँट या अधिकाऱ्याने १८५६ मध्ये दोन्ही पद्धती एकत्र करणारी सुधारणा केली. हे ब्यूमाँट-अ‍ॅडम्स रिव्हॉल्व्हर इंग्रजी सैन्याने स्वीकारले, आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात उठाव झाला.

भरण्याची रीत

या शस्त्राचे बळ आणि दुबळेपण दोन्ही समजण्यासाठी ते भरण्याची रीत पाहिली पाहिजे. आजच्यासारखी तयार काडतुसे त्यात बसत नसत. प्रत्येक कोठ्यात आधी काळी दारू घालावयाची, तिच्यावर शिशाची गोळी ठेवावयाची, नळीखाली जोडलेल्या दांडीने ती दाबून बसवावयाची, आणि मागच्या बाजूस प्रत्येक कोठ्याच्या नळकांडीवर एकेक टोपी चढवावयाची. असे पाच-सहा वेळा. घोड्यावर बसून, समोर शत्रू असताना हे करणे अशक्यच. म्हणून ज्यांना परवडे ते दोन रिव्हॉल्व्हरे बाळगीत.

शिवाय एका कोठ्याची ठिणगी शेजारच्या कोठ्यात शिरून दोन-तीन बार एकदम उडण्याचा धोका असे. तो टाळण्यासाठी गोळ्यांवर चरबीचा किंवा मेणाचा लेप देत. चरबी लावलेल्या काडतुसांवरून ज्या वर्षी शिपायांचा असंतोष भडकला, त्या वर्षी त्यांच्या अधिकाऱ्यांच्या कमरेची रिव्हॉल्व्हरेही चरबीने माखलेली होती. फरक इतकाच, की अधिकाऱ्याला ती दातांनी तोडावी लागत नव्हती.

शिलेदारांची फौज

आता आपल्या छावण्यांकडे वळू. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी फौज उभी राहिली, तिचा खर्च निजामाने करावयाचा आणि हुकूम इंग्रजांचा चालावयाचा, अशी व्यवस्था होती. हा खर्च थकला म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे गेला. तेव्हापासून फौजेस हैदराबाद कंटिन्जंट हे नाव रूढ झाले. नळदुर्ग आणि रायचूर १८६० मध्ये निजामास परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. आपल्या भागाचा नकाशा या फौजेच्या पगारापायी कसा बदलत गेला, हे यावरून ध्यानात येईल.

कंटिन्जंटचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. शिलेदार आणि बारगीर हा भेद आपण मराठ्यांच्या इतिहासात शिकलेला आहे. शिलेदाराने घोडा आणि हत्यारे स्वतःची आणावयाची व त्या हिशेबाने पगार घ्यावयाचा. घोडा मेला तर नुकसान त्याचे, तलवार मोडली तर तीही त्याचीच.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्रज अधिकाऱ्यालाही आपले पिस्तूल सरकारातून मिळत नसे. ते त्याने पदरच्या पैशाने घ्यावयाचे अशी प्रथा होती. म्हणजे हत्याराच्या बाबतीत साहेबही एक प्रकारचा शिलेदारच होता. लंडनच्या दुकानातून तो आपल्या ऐपतीप्रमाणे कोल्ट, अ‍ॅडम्स किंवा ट्रँटर विकत घेई. एकाच फौजेत, एकाच मैदानात, दोन स्वखर्चाने सजलेले शिलेदार शेजारी शेजारी उभे असत. एकाच्या कमरेला तलवार आणि पाठीला एकबारी बंदूक. दुसऱ्याच्या कमरेला तलवार आणि शिवाय पाच बार. हा फरक केवळ पैशाचा नव्हता. पुढे जे घडले त्यावरून हे स्पष्ट होते.

एक बार आणि पाच बार

सप्टेंबर १८५५ मध्ये हैदराबादजवळच्या बोलारम छावणीत ब्रिगेडियर कॉलिन मॅकेंझी याच्यावर कंटिन्जंटच्याच घोडदळातील स्वारांनी हल्ला केला. मोहरमच्या मिरवणुकीवरून वाद झाला होता. मॅकेंझी तलवारींच्या घावांनी जबर जखमी झाला, पण वाचला. सत्तावनच्या दोन वर्षे आधीच आपल्या माणसांपासून आपल्याला धोका आहे, ही जाणीव कंटिन्जंटच्या अधिकाऱ्यांना झाली असली पाहिजे.

जून १८५७ मध्ये औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) ठिणगी पडली. मोमिनाबादहून तेथे आलेल्या पहिल्या घोडदळात, आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढावयास नेणार, अशी बातमी पसरली. आम्ही दख्खनच्या बाहेर जाणार नाही, असे स्वारांनी सांगितले. जनरल वुडबर्न पुण्याकडून फौज घेऊन आला. त्या गडबडीत मीर फिदा अली या दफेदाराने कॅप्टन अ‍ॅबट याच्यावर गोळी झाडली. ती चुकली. फिदा अलीला लष्करी न्यायालयापुढे उभे करून फाशी देण्यात आले. छत्रपती संभाजीनगरात आजही सत्तावनच्या आठवणीत त्याचे नाव घेतले जाते.

दुसरी घटना १५ मार्च १८५९ ची, हैदराबादची. रेसिडेंट डेव्हिडसन आणि दिवाण सालारजंग निजामाच्या दरबारातून बाहेर पडत असता जहांगीरखान नावाच्या माणसाने त्यांच्यावर गोळी झाडली. तीही चुकली. मग तो तलवार उपसून धावला आणि पहारेकऱ्यांकडून मारला गेला. एकबारी शस्त्राचे सारे व्याकरण या घटनेत आहे : एक बार, तो चुकला की तलवार, आणि मग मरण. रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्याला चुकण्याची आणखी चार वेळा मुभा होती. अधिकाऱ्यांना ते प्राणांपलीकडे प्रिय का वाटे, याचे उत्तर या हिशेबात सापडते.

तथापि रिव्हॉल्व्हर म्हणजे अभय नव्हते. जॉर्ज फॉसबरी या अधिकाऱ्याने सांगितलेली सत्तावनची एक हकीकत शस्त्रेतिहासाच्या पुस्तकांत वारंवार आढळते. नेमबाजीचा अभिमान असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्यावर एक धिप्पाड शिपाई तलवार घेऊन धावून आला. अधिकाऱ्यापाशी कोल्टचे ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर होते. त्याने सहाही बार काढले. बहुतेक गोळ्या शिपायाच्या छातीत लागल्या; पण त्या लहान असल्याने तो थांबला नाही. मरता मरता त्याने अधिकाऱ्याचे मस्तक दुभंगले. अशा अनुभवांमुळे इंग्रज अधिकाऱ्यांचा ओढा अ‍ॅडम्सच्या जाड गोळीकडे वाढला, आणि पुढील काळातील इंग्रजी लष्करी रिव्हॉल्व्हरे ०.४५ इंचाच्या आसपास स्थिरावली. मग ०.३१ इंचाच्या ‘पॉकेट’ रिव्हॉल्व्हरची गोष्ट काय सांगावी? रणांगणावर त्याचा उपयोग बेताचाच. ते उशाखाली ठेवण्याचे, मेजवानीच्या कोटात लपविण्याचे शस्त्र होते. शत्रूपेक्षा आसपासच्या माणसांचे भय ज्याला अधिक, त्याचे ते शस्त्र.

चिचांब्याचे आठ स्वार

हिंगोलीशी संबंधित एक प्रसंग येथे सांगितलाच पाहिजे. १५ जानेवारी १८५९ रोजी कॅप्टन हर्बर्ट क्लॉग्स्टन याने कंटिन्जंटच्या दुसऱ्या घोडदळातील अवघ्या आठ स्वारांनिशी बंडखोरांवर हल्ला चढविला आणि त्यांना रिसोडजवळच्या चिचांबा गावात पिटाळले. त्यांना आपली लूट टाकून द्यावी लागली. क्लॉग्स्टन जबर जखमी झाला. त्याला ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. पुढे ६ मे १८६२ रोजी तो हिंगोली येथे मारला गेला.

त्या आठ स्वारांपैकी सात जण क्लॉग्स्टनने गमावले, असे पदकाच्या प्रशस्तिपत्रातच नमूद आहे. त्यांची नावे मात्र त्यात नाहीत. हिंदी शिपायांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळण्याची तरतूदच १९११ पर्यंत नव्हती. त्यांच्यासाठी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हे वेगळे पदक होते. हे आठ जण स्वतःच्या घोड्यांवर, स्वतःच्या हत्यारांनिशी गेले होते. समोरचे बंडखोरही याच मातीवर वावरणारे, रोजगार तुटलेले रोहिले होते. स्वारांनी साहेबाला वाऱ्यावर सोडले नाही. औरंगाबादला अधिकाऱ्यावर गोळी झाडणारे आणि चिचांब्याला अधिकाऱ्यासाठी मरणारे एकाच फौजेचे शिलेदार होते, ही गोष्ट आपला इतिहास लिहिताना विसरून चालणार नाही. एकाला देशभक्त आणि दुसऱ्याला फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण दोघांच्याही घरची भाकरी त्याच पगारावर भाजली जात होती.

पुढचा प्रवास

सत्तावननंतर रिव्हॉल्व्हरची रचना झपाट्याने बदलली. स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ मध्येच धातूच्या काडतुसाचे छोटे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले होते. दारू, गोळी आणि स्फोटक एकाच नळकांडीत आल्याने भरण्याची यातायात संपली. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने १८७२ मध्ये ‘बुलडॉग’ नावाचे आखूड नळीचे, जाड गोळीचे रिव्हॉल्व्हर काढले. त्यामुळे खिशात मावणारे शस्त्रही प्रथमच जोरकस झाले. १८८७ मध्ये वेब्लीचेच मोठे रिव्हॉल्व्हर इंग्रजी सैन्याचे अधिकृत शस्त्र ठरले.

शस्त्र सुधारत गेले तसे ते कोणाच्या हाती असावे याचे नियमही कडक झाले. हिंदी शिपायांना गोऱ्या सैनिकांपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यावयाची, हे सत्तावननंतर सरकारचे धोरण ठरले. १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रजी मुलखातील हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगता येईनासे झाले. युरोपियनांना मात्र सूट होती. याविरुद्ध राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात ठराव केला. निजामाच्या मुलखाला हा कायदा थेट लागू नव्हता. पण तेथील छावण्यांतही नव्या शस्त्राची मालकी साहेबांपुरतीच राहिली. २२ जून १८९७ रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. ज्या समाजाच्या हातून पिस्तूल काढून घेतले होते, त्याच समाजातील तरुणांनी ते चोरून मिळविले.

१९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदी सैन्यात विलीन झाले आणि हिंगोलीच्या छावणीचे दिवस सरले. परंतु ती फौज नाहीशी झाली नाही. तिच्या घोडदळाचा वारसा भारतीय सैन्यातील ‘डेक्कन हॉर्स’ ही रणगाड्यांची पलटण चालवीत आहे, आणि तिच्या पायदळातून झालेल्या हैदराबाद रेजिमेंटला १९४५ मध्ये कुमाऊं हे नाव मिळाले. शिलेदार गेला, पण पलटणी राहिल्या. आणि आज त्यांतील जवानाला त्याचे शस्त्र त्याच्या स्वतःच्या देशाकडून मिळते.

उपसंहार

जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, पेटाऱ्यांत किंवा पडक्या भिंतींत अधूनमधून गंजलेली हत्यारे सापडतात. ती हाती लागल्यास चाप ओढून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेट घेते, आणि कोठ्यांत बार शिल्लक आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुरातन शस्त्राला १९५९ च्या शस्त्रकायद्यात सूट आहे. परंतु ते तसे आहे की नाही हे आपण ठरवावयाचे नसते. आधी पोलीस ठाण्यात कळवावे, आणि मग ते संग्रहालयात कसे जाईल हे पाहावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू असते. ती विकून चार पैसे मिळतील, पण आपल्या गावचा एक पुरावा कायमचा जाईल.

संग्रहालयात अशा रिव्हॉल्व्हरखाली चिठ्ठी असते : कारखाना, साल, नळीचा व्यास. ही माहिती आवश्यकच आहे. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा, की हे शस्त्र ज्याच्या कमरेला होते, त्याच्या शेजारच्या स्वाराजवळ काय होते? हिंगोली आणि अंबाजोगाई येथील छावणीच्या खुणा आपल्या महाविद्यालयापासून एका दिवसाच्या सहलीच्या टप्प्यात आहेत. कबरींवरच्या दगडांवर साहेबांची नावे मिळतील. ज्यांच्या नावाचा दगड नाही, अशा शिलेदारांची घराणी मात्र याच पंचक्रोशीत नांदत असतील. त्यांच्या घरच्या आठवणी वेळीच टिपून ठेवणे, हे काम आपण विद्यार्थ्यांनीच करावयाचे आहे.